राक्षसाचा हात: माणूस आणि अमानुष यांच्या प्रेमाच्या सिनेमांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावच्या ग्रंथालयात, वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सिनेमा दाखवला जातो. मागचं जवळजवळ वर्षभर मी तिथे एकाच धाग्यातले सिनेमे लावले. माणूस नसलेला कुणीतरी माणसावर जीव लावतो आणि त्यातून कुणाचंच भलं होत नाही, अशा गोष्टींचे. सिनेमा संपला की चहा येतो आणि चहाबरोबर प्रश्न येतात. तेच प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीशी वाटली. शेवट सांगितल्याशिवाय या विषयावर बोलताच येत नाही, म्हणून पुढे बहुतेक सिनेमांचे शेवट उघड केले आहेत. ज्यांना आधी सिनेमा बघायचा आहे त्यांनी आधी तो बघून घ्यावा.

हे सिनेमे बघताना नेमकं काय बघायचं? भीतीचे म्हणून बघायचे की प्रेमाचे म्हणून?

हात बघा. राक्षसाचा चेहरा रबराखाली, केसांखाली नाहीतर मुखवट्याखाली दडलेला असतो. त्याला बहुतेक वेळा बोलताही येत नाही. मग दिग्दर्शकाकडे आणि नटाकडे उरतो तो हात. तो पुढे कसा येतो, कुठे थबकतो, धरतो की सोडतो, यातच सगळी गोष्ट असते. दिग्दर्शक मुर्नाऊच्या १९२२च्या 'नोस्फेरातू'मध्ये रक्त पिणारं पिशाच्च, काउंट ऑर्लोक, नायिका एलेनच्या खोलीत येतो तेव्हा आधी त्याच्या हाताची सावली येते. ती तिच्या अंगावरून सरकत छातीपाशी पोचते आणि मूठ आवळते. एलेन तिथेच कळवळते. स्पर्श न होताच स्पर्श झालेला असतो. शंभर वर्षांनंतरही त्या शॉटला हॉलमध्ये चिडीचूप होतं, हे मी स्वतः पाहिलंय.

यांना मराठीत राक्षस म्हणणं बरोबर आहे का?

सोय म्हणून म्हणायला हरकत नाही, मीही म्हणते. पण आपला राक्षस वेगळा. त्याला आईबाप असतात, बहीणभाऊ असतात, राज्य असतं, आणि मुख्य म्हणजे त्याला वाचा असते. महाभारताच्या आदिपर्वातली हिडिंबा आठवा. भाऊ तिला पाठवतो माणसं मारून आणायला, आणि ती भीमाला बघून हरखते. सुंदर रूप घेऊन समोर येते, भावाचा बेत सांगून टाकते, आपल्या मनातलं स्पष्ट बोलते. पुढे कुंतीची परवानगी मागते. म्हणजे राक्षसीण असून सगळी बोलणी ती स्वतः करते. त्यांना मुलगा होतो, घटोत्कच.

पाश्चात्य सिनेमातल्या राक्षसाकडे हे काही नाही. तो एकुलता एक आहे, त्याचं कूळ संपलंय किंवा कधी नव्हतंच, आणि बहुतेक वेळा त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. 'किंग काँग'मधल्या महाकाय वानराला 'श्वापद' म्हटलं तर जास्त जवळ जाईल. फ्रँकेन्स्टाइनने प्रेतांचे तुकडे शिवून घडवलेल्या जिवाला तर नावच नाही. फ्रँकेन्स्टाइन हे त्याला घडवणाऱ्याचं नाव, आणि ही गल्लत मराठीतच काय, सगळीकडे होते.

१९३३चा 'किंग काँग' प्रेमकथा कशी? ती मुलगी तर सिनेमाभर किंचाळत असते.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्यात तथ्य आहे. आम्ही काँग दाखवला त्या रात्री पुढच्या रांगेतल्या एक आजी चहाचा कप हातात धरून बराच वेळ गप्प बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "अगं, सगळं खरं, पण त्या पोरीला कुणी विचारलं का?" तेव्हापासून मी हे सगळे सिनेमे त्यांच्या प्रश्नाच्या उजेडात बघते.

नाही, ॲन डॅरोला कुणीच विचारलेलं नाही. सिनेमा आर्थिक मंदीतल्या न्यूयॉर्कमध्ये सुरू होतो. भुकेली ॲन फळाच्या दुकानातलं सफरचंद उचलताना पकडली जाते. सिनेमा काढायला निघालेला कार्ल डेनहॅम तिला सोडवतो, खाऊ घालतो आणि कुठे न्यायचंय हे धड न सांगता जहाजावर चढवतो. जहाजावर एक प्रसंग आहे, तो सुटू देऊ नका. डेनहॅम डेकवर कॅमेरा लावतो आणि ॲनला सांगतो: वर बघ, आणखी वर, तुला काहीतरी दिसतंय, किंचाळ. समोर काहीही नसताना ती किंचाळते. अजून बेट आलेलं नाही, काँग आलेला नाही. म्हणजे तिच्या किंकाळीची तालीम एका माणसाने आधीच करून घेतलेली आहे. पुढे बेटावरची माणसं तिला पळवून खांबाला बांधतात, काँगला अर्पण म्हणून. मग काँग तिला उचलतो. शेवटी डेनहॅम काँगला साखळदंडांत जखडून ब्रॉडवेच्या रंगमंचावर उभा करतो आणि ॲनलाही तिथे उभं राहावं लागतं.

या सगळ्या साखळीत तिला जिवापाड जपणारा एकच आहे, तो वानर. तो तिच्यासाठी टिरॅनोसॉरसशी झुंजतो. इतरांसाठी ती नैवेद्य आहे किंवा जाहिरात आहे. म्हणून मी याला प्रेमकथा म्हणते, पण एकतर्फी. काँगचं प्रेम खरं आहे आणि ॲनची भीतीही खरी आहे, आणि दोन्ही खरं असण्यातच त्याची शोकांतिका आहे. २००५ साली पीटर जॅक्सनने तोच सिनेमा पुन्हा केला तेव्हा ॲनची माया जागी झालेली दाखवली. दोघं सेंट्रल पार्कमधल्या गोठलेल्या तळ्यावर घसरत खेळतात. तो प्रसंग गोड आहे, पण मला मूळचा कठोरपणा अधिक भिडतो.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. दूरच्या बेटावरून साखळदंडांत घालून जहाजाने आणलेला काळा, बलदंड जीव आणि गोरी तरुणी, या चित्रामागे अमेरिकेतल्या गुलामगिरीचा आणि वर्णद्वेषाचा इतिहास उभा आहे. बेटावरच्या माणसांचं चित्रण तर आज बघवत नाही. काँगविषयी कळवळा वाटतो म्हणून हे दिसूनही न दिसल्यासारखं करू नये.

एवढा प्रचंड वानर त्या काळी केला कसा?

तो प्रचंड नव्हता. विलिस ओब्रायन यांनी जो काँग हलवला त्या पुतळ्याची उंची होती सुमारे ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट. आत धातूचा सांगाडा, सांधे वळणारे, वरून रबर आणि सशाची कातडी. हे पुतळे मार्सेल डेलगाडो यांनी घडवले. पुतळा किंचित हलवायचा, एक फ्रेम टिपायची, पुन्हा किंचित हलवायचा. सेकंदाला २४ फ्रेम. झुंजीचा एक प्रसंग टिपायला आठवडे जात.

हात मात्र वेगळा बनवला होता, माणूस मावेल एवढा, यंत्राने वरखाली होणारा. ॲनचं काम करणारी फे रे ज्या हातात बसली तो हाच. तिने नंतर सांगून ठेवलेली आठवण मला या सिनेमाची किल्ली वाटते. तिच्या कमरेभोवती बोटं आवळून तिला वर उचलत. दृश्यासाठी ती सुटायची धडपड करायला लागली की बोटं सैल होत. मग खाली पडायच्या भीतीने ती त्याच हाताला घट्ट धरून ठेवायची, आणि अगदीच निसटायला लागली की खाली घ्या म्हणून खूण करायची. पडद्यावर आपल्याला दिसते सुटकेची धडपड. प्रत्यक्षात ती त्या हाताला बिलगलेली असायची.

फे रे ८ ऑगस्ट २००४ रोजी वारली, वयाच्या ९६व्या वर्षी. त्यानंतर दोन दिवसांनी, शेवटी काँग जिच्या शेंड्यावर चढतो त्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचे दिवे १५ मिनिटं मालवले होते.

शेवटी दरवेळी राक्षसच का मरतो?

दरवेळी नाही. 'नोस्फेरातू'मध्ये एलेनही जाते. निष्पाप स्त्रीने स्वखुशीने पिशाच्चाला पहाटेपर्यंत रोखून धरलं तरच त्याचा नाश होईल, असं तिने वाचलेलं असतं. ती खिडकी उघडते. कोंबडा आरवतो, तो विरून जातो, तीही प्राण सोडते. आजींच्या प्रश्नाला पहिलं उत्तर इथे मिळतं: तिला कुणी विचारलं नाही, पण ठरवलं तिनेच.

बाकी ठिकाणी राक्षस मरतो त्यामागे व्यवहारही आहे. हॉलिवूडमध्ये १९३४च्या मध्यापासून नीतिसंहिता कडकपणे लागू झाली. पडद्यावरच्या 'अनैसर्गिक' ओढीला शिक्षा झालीच पाहिजे, असा तिचा एकूण रोख. गोऱ्या आणि काळ्या माणसांमधले शरीरसंबंध दाखवायलाही तीत सरळ बंदी होती, मग वानर आणि बाईचं काय घेऊन बसलात! १९३८ साली काँग पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा काँग ॲनचे कपडे कुतूहलाने ओढून बघतो तो तुकडा कापला गेला. तो परत जोडला जायला तीस वर्षांहून अधिक काळ गेला.

पण मला वाटतं खरं कारण याहून साधं आहे. गोष्ट सांगणारे माणसं आहेत. एम्पायर स्टेटच्या शेंड्यावर काँगला गोळ्या घालणाऱ्या विमानात जे दोघं दिसतात, ते दुसरेतिसरे कुणी नसून सिनेमाचे दिग्दर्शक आहेत, मेरियन कूपर आणि अर्नेस्ट शूडसॅक. आपण निर्माण केलेल्या जिवाला आपणच मारायचं, हे त्यांनी ठरवून, हसतखेळत केलं. आणि मग डेनहॅमच्या तोंडी वाक्य घातलं की विमानांनी नाही, सौंदर्याने श्वापदाचा बळी घेतला. ते वाक्य फार गाजलं. मला त्याचा राग येतो. बंदुका यांच्या, साखळ्या यांच्या, तिकिटांचे पैसे यांचे, आणि खापर त्या मुलीच्या रूपावर!

'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये ती त्याला झिडकारते. चूक तिचीच नाही का?

जेम्स व्हेलचा हा १९३५चा सिनेमा. बोरिस कार्लोफचा राक्षस आधी एका आंधळ्या संन्याशाच्या झोपडीत पोचतो. दिसत नसल्यामुळे तो माणूस त्याला घाबरत नाही, जेवू घालतो, व्हायोलिन वाजवून दाखवतो, चार शब्द शिकवतो. एकटेपण वाईट, मित्र चांगला, एवढं तत्त्वज्ञान तो तिथे शिकतो. दोन शिकारी येतात आणि ते घर मोडतं. मग त्याच्यासाठी जोडीदारीण घडवली जाते.

एल्सा लँचेस्टर या सिनेमात दोनदा दिसते, सुरुवातीला 'फ्रँकेन्स्टाइन'ची लेखिका मेरी शेली म्हणून आणि शेवटी वधू म्हणून. वधू पडद्यावर जेमतेम काही मिनिटं आहे आणि तेवढ्यात ती अजरामर झाली. तिचा तो सर्पासारखा फूत्कार लँचेस्टरने लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या चिडलेल्या राजहंसांवरून उचलला होता. राक्षस तिच्याजवळ येतो, मित्र? असं विचारतो. तिचा हात आपल्या हातात घेऊन हलकेच थोपटतो, वेडंवाकडं, एखाद्या मुलाने मांजर कुरवाळावं तसं. ती किंकाळी फोडते. तो म्हणतो की हीही इतरांसारखीच माझा तिरस्कार करते. त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. मग डॉक्टर फ्रँकेन्स्टाइन आणि त्याच्या बायकोला तो जायला सांगतो, आणि स्वतःसकट सगळं उद्ध्वस्त करणारा खटका ओढतो.

तिची चूक? तिचा जन्म होऊन पाच मिनिटंही झालेली नाहीत. डोळे उघडायच्या आत तिचं लग्न ठरलेलं आहे. आपल्याकडे पाळण्यात लग्नं लावत, तशीच ही गोष्ट म्हणायची. तिला नाही म्हणायला शब्दही शिकवलेला नाही, म्हणून ती ओरडते. तिचा नकार हे त्या सिनेमातलं सर्वांत स्वच्छ बोलणं आहे. आणि तरीही त्या राक्षसासाठी पोटात तुटतं. दोघांचंही खरं आहे, दोषी आहेत ते दोघांना टेबलावर शिवणारे.

कॉक्टोच्या 'ब्यूटी अँड द बीस्ट'मध्ये शेवट गोड आहे. मग ती शोकांतिका कशी?

कारण श्वापद जातं. १९४६च्या या फ्रेंच सिनेमात जाँ मारे श्वापद झाला आहे. त्याच्या चेहऱ्याच्या रंगभूषेला रोज तीन तास लागत आणि प्रत्येक पंजाला एकेक तास. युद्ध नुकतंच संपलेलं, कच्च्या फिल्मची चणचण, वीज जाणं नेहमीचं, आणि त्यातून हे असं काही उभं राहिलं.

हातांचा सिनेमा म्हणाल तर हाच. वाड्याच्या भिंतींतून माणसांचे हात बाहेर आलेत आणि त्यांनी दिवे धरलेत. श्वापद शिकार करून येतं तेव्हा त्याच्या पंजातून धूर निघत असतो आणि तो स्वतःच्या हातांकडे लाजून बघतो. वाड्यात ठेवून घेतलेल्या बेलला तो एक आठवडा माहेरी जाऊ देतो तेव्हा तिला हातमोजा देतो. तो घातला की ती हव्या त्या ठिकाणी पोचते. जाणं-येणं दोन्ही तिच्या हातात. आणि एका प्रसंगात ती आपल्या ओंजळीत पाणी घेते आणि तो तिच्या ओंजळीतून जिभेने लपलप पाणी पितो. मला किळस येत नाही, असं ती सांगते. याहून जवळिकीचं दृश्य मी सिनेमात फार कमी पाहिलंय.

आजींना हा सिनेमा सगळ्यात आवडला, आणि कारणही त्यांनीच सांगितलं: हा रोज विचारतो. रोज संध्याकाळी सात वाजता श्वापद जेवणाच्या टेबलाशी येतं आणि बायको होशील का म्हणून विचारतं. ती नाही म्हणते, ते निघून जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सात वाजता. काँगपासून इथवर केवढा पल्ला आहे बघा!

मग शेवटी श्वापद मरायला टेकतं, ती प्रेमाने बघते आणि समोर उभा राहतो चकचकीत राजपुत्र, तोही ज्या टवाळ आव्हनांला तिने लग्नाला नकार दिला होता त्याच्याच चेहऱ्याचा. दोन्ही भूमिका मारेच्याच. बेल सांगते की हळूहळू सवय करून घ्यावी लागेल. जिच्यावर जीव जडला ते धुरकट पंजांचं जनावर तिच्याकडून काढून घेतलं गेलं आणि बदल्यात सगळ्यांना पसंत पडेल असा जावई मिळाला. दुःख आहेच.

'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून' आणि 'द शेप ऑफ वॉटर' यांचा काय संबंध?

पहिल्याने जे अर्धवट सोडलं ते दुसऱ्याने पूर्ण केलं. १९५४च्या जॅक आर्नल्डच्या सिनेमात ॲमेझॉनच्या एका अंधाऱ्या तळ्यात शास्त्रज्ञांची बोट येते. बोटीवरची के नावाची तरुणी पाण्यात पोहायला उतरते. ती वर पोहत असते आणि तिच्या बरोब्बर खाली, पाठीवर उलटा होऊन, तो खवल्यांचा जीव तिच्याबरोबर पोहत असतो. तिला पत्ताच नसतो. एकदा तो वर येतो, पडदे असलेली बोटं तिच्या पावलाला जेमतेम लावतो आणि दचकून मागे घेतो. एवढंच. पुढे मारामाऱ्या आहेत, गोळ्या आहेत, जीव तळाशी बुडतो. पण बघणाऱ्याच्या लक्षात राहतं ते पोहणं. पाण्याखालचा तो जीव म्हणजे रिकू ब्राउनिंग. पोशाखात हवेची टाकी नव्हती, श्वास रोखून तो पोहत असे.

त्या जिवाचं रूप कागदावर आणलं मिलिसेंट पॅट्रिक या चित्रकर्तीने. रंगभूषा विभागाच्या प्रमुखाला तिचं नाव पुढे आलेलं खपलं नाही, श्रेय त्याने घेतलं आणि तिला पुढे काम मिळेनासं झालं. तिची कामगिरी लोकांपर्यंत पोचायला पन्नासाहून अधिक वर्षं लागली. राक्षसाला हात देणाऱ्या बाईचाच हात झाकून ठेवला, ही गोष्ट मी दर वेळी सांगते, कुणी विचारलं नाही तरी.

गिएर्मो देल तोरो यांनी तो सिनेमा लहानपणी पाहिला आणि त्या दोघांचं जुळावं असं त्यांना वाटलं. जुळलं नाही, ते त्यांच्या मनात राहिलं. २०१७च्या 'द शेप ऑफ वॉटर'मध्ये त्यांनी ते जुळवलं. १९६२चं बाल्टिमोर, सरकारी प्रयोगशाळा, तिथे झाडलोट करणारी मुकी एलायझा आणि ॲमेझॉनमधून धरून आणलेला जलचर. ती त्याला उकडलेलं अंडं देते आणि हाताने खूण करून 'अंडं' शिकवते. तो खूण परत करतो. इथे पहिल्यांदा दोघांची भाषा एक आहे, कारण दोघांचीही भाषा हातांची आहे. आणि विचारण्याचा प्रश्न इथे पार उलटा झालाय: पाऊल तीच उचलते, दार तीच बंद करते.

सिनेमाला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गोल्डन लायन हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट धरून चार ऑस्कर. शेवटी एलायझाला गोळी लागते, तो तिला घेऊन पाण्यात उडी घेतो आणि तिच्या मानेवरच्या जुन्या व्रणांचे कल्ले होतात. ती जगली का? ते सांगणारा तिचा शेजारी जाइल्स आहे आणि तो तर काठावर उरलाय. मला वाटतं ती गेली, आणि बाकीचं त्याने स्वतःच्या समाधानासाठी रचलं. आमच्याकडे यावरून दोन तट पडलेत.

हे सगळं 'स्टॉकहोम सिंड्रोम' नाही का?

१९७३ साली स्टॉकहोममधल्या एका बँकेत दरोडेखोरांनी ओलीस धरलेल्या कर्मचाऱ्यांना त्यांच्याविषयीच ओलावा वाटू लागला, त्यावरून हा शब्द आला. बेलला वाड्यात ठेवून घेतलंय, ॲनला पळवलंय, तेव्हा शंका रास्त आहे आणि मुलींनी ती विचारलीच पाहिजे. माझी कसोटी एकच: दार उघडलं गेलं का? बेलसाठी उघडलं गेलं आणि ती परत आली. ॲनसाठी कधीच उघडलं नाही. दोघींना एका मापाने मोजू नका.

माणसाचाच राक्षस होतो अशा सिनेमांचं काय?

१९८६चा डेव्हिड क्रोननबर्गचा 'द फ्लाय' बघा, पण जेवून बघू नका. सेथ ब्रंडल नावाचा शास्त्रज्ञ स्वतःवरच प्रयोग करतो, यंत्रात एक माशी शिरलेली असते, आणि आठवड्या-आठवड्याने त्याचं शरीर गळत जातं. नखं, दात, कान. जेफ गोल्डब्लूम आणि जीना डेव्हिस दोघांनी जीव ओतलाय. घरातलं माणूस असाध्य दुखण्याने डोळ्यांसमोर झिजताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा सिनेमा माशीचा वाटतच नाही. शेवटी जे काही उरलेलं असतं ते सरपटत येतं, तिच्या हातातल्या बंदुकीची नळी आपल्या पंजाने धरतं आणि स्वतःच्या डोक्याला टेकवतं. त्याची शेवटची विनंती तेवढीच. ती रडत नाही नाही म्हणते आणि शेवटी चाप ओढते.

टिम बर्टनचा 'एडवर्ड सिझरहँड्स' (१९९०) याच्या अगदी उलट्या सुराचा, हळवा. एडवर्डला हातांच्या जागी कात्र्या आहेत. त्याला घडवणारा म्हातारा त्याच्यासाठी खरे हात घेऊन येतो आणि ते दाखवता दाखवताच कोसळतो. एडवर्ड ते हात धरायला जातो आणि त्याच्याच पात्यांनी ते फाटतात. पुढे किम त्याला म्हणते मला जवळ घे, आणि तो म्हणतो, नाही घेता येत. मग ती स्वतःच त्याचे ते दोन्ही हात हळूच आपल्याभोवती ओढून घेते.

आपल्याकडे असे सिनेमे झालेत का?

भुतांचे आणि इच्छाधारी नागिणींचे ढीगभर झाले, पण माझ्या दृष्टीने यातलं मोलाचं काम एका राजस्थानी लोककथेने करून दिलंय. विजयदान देथा यांनी ती लिहिली आणि १९७३ साली मणी कौल यांनी तिच्यावर 'दुविधा' केला. नवी नवरी सासरी निघालीये, वाटेत झाडावरचं भूत तिच्यावर भाळतं. नवरा व्यापारासाठी पाच वर्षं निघून जातो. भूत नवऱ्याचं रूप घेऊन घरी येतं. सासऱ्याला रोज सोन्याची मोहोर मिळते, तो खूश. फसवायला सगळं सोयीचं आहे. पण नवरीपाशी आल्यावर भूत खरं सांगून टाकतं: मी तुझा नवरा नाही, आता तू ठरव. तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलेलं असतं, आणि ते भूत असतं. ती हो म्हणते.

नवरा परततो, तंटा होतो, आणि एक धनगर युक्तीने भुताला चामड्याच्या पिशवीत कोंडतो. 'दुविधा' तिथेच नवरीला परक्या नवऱ्याच्या घरात सोडून देतो. तीच कथा २००५ साली आपल्या अमोल पालेकरांनी 'पहेली' म्हणून केली, शाहरुख खान आणि राणी मुखर्जीला घेऊन. त्यांनी भुताला पिशवीतून सोडवून नवऱ्याच्याच देहात परत आणलं. मला 'पहेली' मनापासून आवडतो, आणि तरी खरं ते 'दुविधा'त आहे असं म्हणेन. कौलांची नवरी फारशी बोलत नाही, पण घुंगटाआडून बघते तेव्हा पोटात गोळा येतो.

कोकणातला मुंजा २०२४ साली पडद्यावर आला, आदित्य सरपोतदारांच्या हिंदी 'मुंज्या'त. मुंज झाली पण लग्नाआधीच वारला त्या मुलाचा पिंपळावरचा मुंजा होतो, ही समजूत आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितलेली. सिनेमातल्या पोराचा जीव त्याच्याहून मोठ्या मुन्नीत अडकलेला असतो आणि मेल्यावरही 'लगीन' हाच त्याचा धोशा. सिनेमा हसवत घाबरवणारा आहे. पण हट्टालाच प्रेम समजणारा तो अर्धवट वयाचा जीव बघताना मला भीतीपेक्षा वाईट जास्त वाटलं.

मुलांना दाखवावेत का?

'काँग' आणि कॉक्टो दहा वर्षांपुढच्यांना, बरोबर बसून. 'एडवर्ड' थोड्या मोठ्यांना. 'द फ्लाय' आणि 'द शेप ऑफ वॉटर' फक्त मोठ्यांसाठी.

सुरुवात कुठून करू?

कॉक्टोपासून. मग काँग. मग 'दुविधा', शांत दुपारी, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून.

तुम्हाला स्वतःला यातला एकच क्षण निवडायला सांगितला तर?

काँगचा शेवट. विमानं घिरट्या घालताहेत. गोळ्या लागल्यावर तो छातीला हात लावतो आणि बोटांवरचं रक्त बघतो. त्याला कळतं. मग तो वाकतो, कठड्यावर पडलेल्या ॲनला उचलतो, तोंडाजवळ आणून बघतो आणि परत जपून खाली ठेवतो. एकदा बोटाने कुरवाळतो. त्यानंतरच त्याची पकड सुटते.

हा शॉट मोठ्या पडद्यावर बघा आणि त्याच्या अंगावरच्या केसांकडे लक्ष द्या. वारा नसतानाही ते सतत थरथरताना दिसतात. स्टुडिओतल्या लोकांना तो दोष वाटला होता, काहींना वाटलं काँग रागाने फुलतोय. प्रत्यक्षात प्रत्येक फ्रेमसाठी पुतळा हलवताना ओब्रायन यांची बोटं सशाच्या त्या कातड्यावर दाबली जात होती. केसांत उमटलेले ते त्यांच्या बोटांचे ठसे आहेत.